रक्त गोठण्याच्या चाचण्यांची नॉर्मल रेंज आपल्याच प्रयोगशाळेत कशी ठरवावी: नव्या सहकाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या अहवालात रुग्णाच्या आकड्याशेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती कोठून आली, असे विचारले तर बहुतेक प्रयोगशाळांत एकच उत्तर मिळते: किटच्या डब्यातल्या माहितीपत्रकातून. काही ठिकाणी तेही नसते. जुन्या मशीनच्या वेळी संगणकात भरलेले आकडे मशीन बदलले, किट बदलले तरी तसेच छापले जात असतात. त्याचा भुर्दंड रुग्णाला बसतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी बार्शीहून किंवा मंगळवेढ्याहून आलेल्या माणसाचा एपीटीटी (रक्त गोठायला लागणारी वेळ मोजणारी एक चाचणी) ३७ सेकंद येतो, शेजारी २५ ते ३५ छापलेले असते, भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया पुढे ढकलतात आणि नातेवाईक पुन्हा तपासणीसाठी पैसे मोजतात. प्रत्यक्षात त्या रीएजंटवर (चाचणीच्या रसायनावर) आणि त्या मशीनवर ३७ सेकंद हा चांगल्या धडधाकट माणसाचा आकडा असू शकतो.

साखर किंवा क्रिएटिनिन यांत आपण एखाद्या पदार्थाचे प्रमाण मोजतो. पीटी (प्रोथ्रोम्बिन टाइम) आणि एपीटीटी या गोठण्याच्या चाचण्यांत आपण गुठळी होईपर्यंतची वेळ मोजतो. ती वेळ थ्रोम्बोप्लास्टिन (पीटीचे रीएजंट) सशाच्या मेंदूपासून काढलेले आहे की रीकॉम्बिनंट आहे, एपीटीटीच्या रीएजंटमध्ये केओलिन आहे, सिलिका आहे की इलॅजिक ॲसिड आहे, आणि गुठळी मशीन प्रकाशाने ओळखते की पोलादी गोळीच्या हालचालीने, या सगळ्यांवर अवलंबून असते. आर्मंड क्विक यांनी पीटीची पद्धत १९३५ मध्ये मांडली, आणि प्रयोगशाळेगणिक बदलणारे तिचे आकडे एका मापात आणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत १९८० च्या दशकात स्वीकारली. एपीटीटीसाठी तशी सर्वमान्य सोय आजही नाही. त्यामुळे निदान एपीटीटीपुरती तरी प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःची संदर्भ मर्यादा, म्हणजेच नॉर्मल रेंज, लागतेच.

हे काम मी केलेले आहे. सोलापूर आणि आसपासच्या प्रयोगशाळांत नव्याने रुजू झालेले पॅथॉलॉजिस्ट, एमडीचे विद्यार्थी आणि डीएमएलटी झालेले तंत्रज्ञ यांना ते पहिल्यांदा करताना जेथे गोंधळ होतो, तेथे अधिक थांबून आणि जेथे होत नाही, तेथे झटपट पुढे सरकून हा लेख लिहिला आहे.

१. आधी ठरवा: मर्यादा नव्याने बांधायची की तपासून घ्यायची?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्याने मर्यादा बांधायची असेल, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान १२० निरोगी व्यक्तींचे वापरण्याजोगे निकाल हाती असावे लागतात. आणि स्त्री-पुरुषांसाठी किंवा वयोगटांसाठी वेगळ्या मर्यादा काढायच्या असतील, तर प्रत्येक गटात १२० हवेत. उत्पादकाने दिलेली मर्यादा आपल्या लोकांना लागू पडते का एवढेच पाहायचे असेल, तर २० निरोगी व्यक्ती पुरतात. त्या २० पैकी जास्तीत जास्त दोघांचे निकाल मर्यादेबाहेर गेले, तर ती मर्यादा स्वीकारावी. तीन किंवा चार बाहेर गेले, तर आणखी २० जणांचे नमुने घ्यावेत. पाच किंवा अधिक बाहेर गेले, तर ती मर्यादा आपली नव्हे, असे समजून नव्याने बांधणीच्या तयारीला लागावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, दिवसाला दहा-पंधरा पीटी करणाऱ्या प्रयोगशाळेने १२० जणांच्या मागे लागू नये. घाईघाईने गोळा केलेल्या, अर्धवट निरोगी १२० जणांपेक्षा काळजीपूर्वक निवडलेले २० जण कितीतरी विश्वसनीय असतात. एकाच कंपनीचे मशीन आणि एकाच लॉटचे (उत्पादनाच्या एकाच खेपेचे) रीएजंट वापरणाऱ्या दोन-तीन प्रयोगशाळांनी मिळून १२० जण गोळा करणे हा मधला मार्ग आहे, मात्र त्यासाठी सर्वांची रक्त काढण्याची पद्धत एकच असली पाहिजे.

याच टप्प्यावर आणखी एक गल्लत दूर करून घ्या. आयएनआर काढण्यासाठी लागणारा एमएनपीटी, म्हणजे निरोगी व्यक्तींच्या पीटीचा सरासरी काळ, आणि पीटीची संदर्भ मर्यादा या वेगळ्या वस्तू आहेत. एमएनपीटीसाठी किमान २० निरोगी व्यक्ती घेऊन भूमितीय सरासरी काढतात, आणि थ्रोम्बोप्लास्टिनचा लॉट बदलला की ती पुन्हा काढतात. तो आकडा किरकोळ समजू नका. आयएसआय (रीएजंटच्या संवेदनशीलतेचा निर्देशांक) १.२ असलेल्या रीएजंटवर एखाद्याचा पीटी ३० सेकंद आला, तर एमएनपीटी १२ धरल्यास आयएनआर ३.० येतो आणि १३.५ धरल्यास २.६ येतो. दीड सेकंदाच्या या फरकावर वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची गोळी कमी-जास्त केली जाते.

त्याचप्रमाणे हिपॅरिन (गुठळी रोखणारे औषध) चालू असताना ठेवायची एपीटीटीची पातळी ही उपचाराची मर्यादा आहे, आणि रक्तवाहिनीत गुठळी नाही असे म्हणण्यासाठी वापरला जाणारा डी-डायमरचा आकडा ही निर्णयाची मर्यादा आहे. निरोगी माणसांवरून त्या काढता येत नाहीत. डी-डायमरच्या बाबतीत तर एककही नीट वाचा, कारण एफईयूमधला आकडा डीडीयूमधल्या आकड्याच्या साधारण दुप्पट असतो.

२. कागदपत्रे आणि साहित्य जमवा

निरोगी माणसाचे रक्त त्याच्या उपचारासाठी नव्हे, तर आपल्या कामासाठी घेतले जात असल्याने संस्थेच्या नैतिकता समितीसमोर प्रस्ताव ठेवणे आवश्यक समजावे. वैद्यकीय महाविद्यालयात अशी समिती असतेच. खासगी प्रयोगशाळेने नोंदणीकृत समिती असलेल्या एखाद्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. प्रस्ताव लिहिताना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे शेजारी उघडी ठेवावीत. एनएबीएलची मान्यता असलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या प्रयोगशाळांना आयएसओ १५१८९ या मानकानुसार संदर्भ मर्यादांचा आधार लेखी दाखवावा लागतो, त्यामुळे हीच फाइल तेथेही उपयोगी पडते.

कागदपत्रे अशी लागतील:

- कामाचा आराखडा, ज्यात कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे याचे निकष आधीच लिहिलेले असतील
- नैतिकता समितीचे मंजुरीपत्र
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र
- आरोग्यविषयक प्रश्नावली
- नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडणी असलेली, कुलपात ठेवायची वही
- मशीन, पिपेट, सेंट्रीफ्यूज आणि थर्मामीटर यांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे
- रीएजंट, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने) आणि सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या) ट्यूब यांचे लॉट क्रमांक व मुदतीच्या तारखा

साहित्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेटच्या फिकट निळ्या टोपणाच्या ट्यूब, २१ गेजच्या सुया, प्लास्टिकच्या झाकणाच्या नळ्या, दोन पातळ्यांचे कंट्रोल, आणि सगळे काम संपेपर्यंत पुरेल एवढे एकाच लॉटचे रीएजंट हवे. शेवटची गोष्ट वितरकाकडून आधी लेखी पक्की करून घ्या. निम्म्या कामात लॉट संपला की पुढचे निम्मे काम वेगळ्याच मोजपट्टीवर होते.

संमतीपत्र केवळ मराठीत करून भागणार नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरे मोठ्या संख्येने आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून येणाऱ्या अनेकांना कन्नड जवळची आहे, आणि काहींना उर्दू वाचणे सोपे जाते. भाषांतर त्या भाषेत रोज बोलणाऱ्या सहकाऱ्याकडून वाचून घ्या. ‘चाचणीत काही वेगळे आढळल्यास तुम्हाला कळवले जाईल’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. त्याचे कारण नवव्या टप्प्यात येईल.

३. निरोगी माणसे निवडा

सगळ्या कामाची मदार या टप्प्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त उरकून टाकला जातो तोही हाच. पुढची आकडेमोड कितीही अचूक असली, तरी चुकीच्या माणसांवरून निघालेली मर्यादा चुकीचीच राहते.

सहज हाताशी येणारे तीन गट असतात आणि तिघांतही खोट आहे. वसतिगृहातले विद्यार्थी निरोगी असतात, पण सगळे विशीच्या आतबाहेरचे. वयाबरोबर फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ ही रक्त गोठवणारी प्रथिने वाढत जातात, त्यामुळे केवळ तरुणांवर काढलेली मर्यादा पन्नाशीच्या माणसाला बसत नाही. रक्तदाते तपासून घेतलेले असतात, पण आपल्याकडे त्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे. रुग्णांचे नातेवाईक वाट पाहत बसलेलेच असतात, पण जागरण, ताण आणि उपाशीपोटी चहा यांवर असलेल्या माणसाला विश्रांत स्थितीतला निरोगी माणूस म्हणता येत नाही. शिवाय एकाच घरातले अनेक जण घेतले, तर एखादा आनुवंशिक दोष किंवा गुण आकडेवारीत अनेकदा मोजला जातो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, त्यामुळे एका घरातून एकच व्यक्ती हा नियम येथे विशेष काटेकोरपणे पाळावा.

म्हणून मिश्र गट करा: अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतले यंत्रमाग कामगार, शाळांचे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, विडी कामगार महिला, रुग्णालयातलेच पण रात्रपाळी न केलेले कर्मचारी. १८ ते ६० किंवा ६५ या वयात दर दहा वर्षांच्या टप्प्यात स्त्री-पुरुष जवळपास सारखे घ्या. रक्तगटाची नोंद ठेवा. ‘ओ’ गटाच्या व्यक्तींत व्हॉन विलेब्रांड फॅक्टर इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतो, त्याबरोबर फॅक्टर आठही कमी राहतो आणि एपीटीटी किंचित लांबतो. कोणाला वगळायचे नाही, पण एकाच रक्तगटाचा भरणा झाला आहे का, हे नंतर पाहता आले पाहिजे.

वगळायचे ते असे: गरोदर स्त्रिया आणि नुकत्याच बाळंत झालेल्या, गर्भनिरोधक किंवा इतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, नियमित मद्यपान करणारे, मागच्या काही आठवड्यांत ताप, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा रक्त चढवणे झालेले, प्रतिजैविकांचा कोर्स चालू असलेले, आणि वॉरफरिन, ॲसेनोकुमारॉल, हिपॅरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान यांपैकी रक्त पातळ करणारे काहीही घेणारे. धूम्रपानाने फायब्रिनोजेन वाढते. म्हणून विडी-सिगारेट, तसेच तंबाखू आणि मिश्री यांची नोंद स्वतंत्रपणे करा आणि त्यांना घ्यायचे की नाही हे आराखड्यात आधीच ठरवा.

प्रश्न कसा विचारायचा, याकडे लक्ष द्या. ‘तुम्ही काही औषध घेता का?’ असे विचारले की, सोलापुरात हमखास ‘छे, काही नाही’ असे उत्तर येते, कारण औषध म्हणजे आजारपणात घ्यायची बाटली किंवा इंजेक्शन, अशी समजूत असते. त्याच माणसाला ‘रोज सकाळी कोणती गोळी घेता? घरात गोळ्यांची पाकिटे आहेत का? जरा फोटो दाखवा’ असे विचारले की, ‘ही बीपीची, आणि ही बारकी, रक्त पातळ करायची’ असे उत्तर येते. वैद्यांचा काढा, दुखण्यावरची गोळी, कंबरेच्या दुखण्यासाठी कोणी दिलेली पुडी हे सगळे नाव घेऊन विचारावे लागते.

रक्तस्रावाचा इतिहासही असाच खोदून काढा: दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिले, पाळीत पॅड किती वेळा बदलावे लागते, बाळंतपणात रक्त चढवावे लागले का, नाकातून वारंवार रक्त येते का, घरात कोणाला असा त्रास आहे का. स्त्रियांना हे प्रश्न महिला तंत्रज्ञाने आडोशाला बसून विचारावेत.

प्रश्नावलीच्या जोडीला हिमोग्राम, बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि सीआरपी एवढ्या तपासण्या पुरतात. यातले कोणीतरी गळणारच, म्हणून १२० हवे असतील तर दीडशेच्या आसपास नावे नोंदवा.

येथे सर्वांत मोठा सापळा आहे. ज्यांचा पीटी किंवा एपीटीटी ‘जास्त आला’ त्यांना केवळ त्या कारणाने यादीतून काढून टाकू नका. तसे केले की जुनी मर्यादाच नव्या शिक्क्यानिशी परत मिळते. वगळण्याचे कारण निकाल पाहण्याआधी लिहिलेल्या निकषांत असले पाहिजे.

४. रक्त काढा

वेळ सकाळी सात ते दहा ठेवा. हलका नाश्ता चालतो; तळलेले, तेलकट नको, कारण दुधट प्लाझ्मावर (रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवावर) प्रकाशाने वाचणारी मशीन अडखळतात. सायकल मारत किंवा जिने चढून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटे बसवा, कारण व्यायामाने फॅक्टर आठ तात्पुरता वाढतो.

टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. सुई एकदाच, नीट शिरेत. शोधत फिरावे लागले तर तो हात सोडून दुसरा घ्यावा, कारण ऊतींमधला द्रव मिसळला की गोठण्याची प्रक्रिया ट्यूबमध्येच सुरू होते. सायट्रेटची ट्यूब हिमोग्रामच्या ट्यूबच्या आधी भरावी. बटरफ्लाय सुई वापरत असाल, तर तिच्या नळीतल्या हवेमुळे पहिली ट्यूब कमी भरते. म्हणून आधी एक फेकून द्यायची ट्यूब लावावी.

ट्यूब खुणेपर्यंत भरलेली असणे, ही अट कोणत्याही सबबीवर सैल करू नका. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण आहे, म्हणजे ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त. तेथे १.८ मिलीच आले, तर प्रमाण सहाला एक होते, प्लाझ्मात सायट्रेट जास्त राहते, चाचणीत आपण घातलेले कॅल्शियम ते बांधून टाकते आणि निरोगी माणसाचीही वेळ लांबते. खुणेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरलेली ट्यूब बाजूला ठेवा आणि पुन्हा रक्त घ्या. हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) ५५ टक्क्यांच्या वर असेल, तेव्हा उलट कारणाने प्लाझ्माच कमी असतो; अशी व्यक्ती या कामासाठी घेऊ नये.

बाजारात ३.८ टक्के सायट्रेटच्या ट्यूबही मिळतात. दोन्ही मिसळू नका. सिरिंजने रक्त काढून घरी भरलेल्या बाटल्यांत घालण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, ती या कामापुरती तरी बंद ठेवा. भरल्यावर ट्यूब तीन ते सहा वेळा हलकेच उलटसुलट करा, घुसळू नका. आणि ट्यूबचा साठा उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. उष्णतेने व्हॅक्यूम उतरतो, आणि मुदत शिल्लक असलेली ट्यूबही कमी भरू लागते.

५. नमुना प्रयोगशाळेत आणा

बाहेर शिबिर घेऊन नमुने आणणार असाल, तर हा टप्पा दोनदा वाचा. आपल्याकडे ‘नमुना म्हणजे बर्फ’ हे समीकरण इतके घट्ट बसले आहे की, तंत्रज्ञ न सांगताच थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या टाकतात. गोठण्याच्या चाचण्यांसाठी सेंट्रीफ्यूजमध्ये न फिरवलेले रक्त थंड ठेवले, तर फॅक्टर सात सक्रिय होऊन पीटी आखूड होऊ शकतो, आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर व फॅक्टर आठ कमी होऊन एपीटीटी लांबू शकतो. दुसऱ्या बाजूने, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना मोटारसायकलच्या डिकीत तासभर तापलेल्या नमुन्यात फॅक्टर पाच आणि आठ टिकत नाहीत. नमुना १८ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये, उभा, टोपण न उघडता आणावा. डब्यात फ्रीजरमधल्या नव्हे, तर वातानुकूलित खोलीत ठेवून तेवढ्याच तापमानाला आणलेल्या जेलच्या पिशव्या ठेवा आणि सोबत एक साधा डिजिटल थर्मामीटर टाका.

पीटीचा नमुना न उघडता २४ तास टिकतो, पण एपीटीटी चार तासांच्या आत झाला पाहिजे. दोन्ही एकाच ट्यूबमधून करायचे असल्याने चार तास हीच मर्यादा धरा.

सोलापुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत उरकणे सर्वांत सोयीचे. फक्त संक्रांतीचा आठवडा सोडा. गड्ड्याच्या यात्रेत रस्तेही अडलेले असतात आणि कर्मचारीही रजेवर असतात.

६. प्लाझ्मा वेगळा करा

ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये १५०० जी बलाने १५ मिनिटे फिरवा. येथे बहुतेक जण ‘तीन हजारावर ठेव’ एवढेच सांगतात आणि फसतात, कारण फेऱ्यांची संख्या म्हणजे बल नव्हे. बल काढण्यासाठी रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला मिनिटातल्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा आणि आलेल्या संख्येला ०.००००१११८ ने गुणा. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल, तर सुमारे ३००० फेऱ्यांत १५०० जी मिळते. पण लहान टेबलावरच्या, १० सेंटिमीटर त्रिज्येच्या सेंट्रीफ्यूजला त्यासाठी सुमारे ३६६० फेऱ्या लागतात. तोच तीन हजारावर चालवला, तर बल १००० जी भरते आणि प्लाझ्मात प्लेटलेट राहून जातात.

बरोबर झाले की नाही हे कळण्याचा मार्ग सोपा आहे: वेगळा केलेला प्लाझ्मा सेल काउंटरवर चालवून पाहा. प्लेटलेट दर मायक्रोलीटरला १०,००० च्या खाली हव्यात. प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या थराच्या वर थोडा थर सोडून द्या. लालसर झालेला किंवा गुठळी असलेला नमुना टाकून द्या आणि नोंद करा.

साठवायचा असेल, तर दोनदा फिरवून प्लास्टिकच्या नळ्यांत उणे ७० अंशांवर ठेवा; सहा महिन्यांपर्यंत चालतो. उणे २० वर दोन आठवडेच, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये तर मुळीच नाही. वितळवताना ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये झटपट वितळवा आणि पुन्हा गोठवू नका. शक्य असेल, तर ताजेच करा. लोडशेडिंगच्या काळात फ्रीजरवर विसंबणे मला पटत नाही.

७. चाचणी करा

सगळे नमुने एका दिवसात संपवू नका. रुग्णांच्या चाचण्या जशा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तंत्रज्ञांच्या हातून होतात, तशाच याही व्हाव्यात. म्हणजे रोजचा नैसर्गिक चढउतार मर्यादेत उतरतो. रोज आधी दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल लावा आणि ते हद्दीत नसतील, तर त्या दिवशी हे काम थांबवा.

भुकटीच्या रूपातले रीएजंट विरघळवायला उत्पादक सांगेल तेच पाणी, म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइझ्ड, आणि कॅलिब्रेट केलेल्या पिपेटने मोजूनच घाला. आपल्या नळाचे पाणी किती जड आहे, हे बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून दिसतेच, आणि घरगुती आरओचे पाणीही त्याला पर्याय नाही. विरघळल्यावर सांगितलेला वेळ स्थिर राहू द्या. बाह्य गुणवत्ता चाचणीत, उदाहरणार्थ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या योजनेत, तुमची प्रयोगशाळा सहभागी असेल, तर त्या काळातला अहवालही फाइलला लावा.

८. आकडेमोड करा

हा भाग ऐकायला अवघड आणि करायला सोपा आहे. १२० निकाल लहानाकडून मोठ्याकडे लावा. खालून तिसरा आकडा ही खालची मर्यादा आणि ११८ वा आकडा ही वरची मर्यादा. मधले ९५ टक्के लोक आत येतात. या मर्यादांची ९० टक्के विश्वासकक्षा, म्हणजे त्यांच्या अनिश्चिततेचा पट्टा, खालच्या बाजूला पहिला ते सातवा आणि वरच्या बाजूला ११४ वा ते १२० वा आकडा यांच्यामधली असते. ती फार रुंद आली, तर आणखी माणसे घ्या.

सरासरीत दोन एसडी (प्रमाण विचलन) मिळवून-वजा करून मर्यादा काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरले असतील, तर ती चालते, पण एपीटीटीचे आणि फायब्रिनोजेनचे आकडे बहुधा वरच्या बाजूला शेपूट काढतात. आधी आलेख काढून पाहा, मग ठरवा.

टोकाच्या आकड्यासाठी डिक्सनची कसोटी वापरा. समजा, सर्वांत मोठा एपीटीटी ४१.३, त्याच्या खालचा ३६.१ आणि सर्वांत लहान २५.४ आहे. वरच्या दोघांतले अंतर ५.२, पूर्ण पल्ला १५.९, आणि पल्ल्याचा एक तृतीयांश ५.३. अंतर त्यापेक्षा कमी आहे, म्हणून ४१.३ राहील. तो डोळ्यांना खुपतो, एवढे कारण पुरेसे नाही. अंतर जास्त भरले असते, तरीही आधी ट्यूब, वेळ आणि प्रश्नावली तपासून मगच वगळायचे होते.

एमएनपीटीसाठी एक्सेलमध्ये भूमितीय सरासरीचे सूत्र तयार असते. साधी सरासरी घेऊ नका.

९. ज्यांचे निकाल वेगळे आले, त्यांचे काय?

एखाद्या ठणठणीत व्यक्तीचा एपीटीटी ५५ किंवा ६० सेकंद येऊ शकतो. आधी नवा नमुना घेऊन पुन्हा करा. तसाच आला, तर निरोगी लोकांच्या प्लाझ्मात समप्रमाणात मिसळून मिक्सिंग चाचणी करा. वेळ सुधारली, तर एखादा फॅक्टर कमी आहे; नाही सुधारली, तर ल्युपस अँटिकोॲग्युलंटसारखा अटकाव करणारा घटक असू शकतो. फॅक्टर बारा कमी असलेल्या माणसाला आयुष्यभर रक्तस्रावाचा त्रास होत नाही, आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंटमध्ये तर धोका गुठळी होण्याचा असतो. फॅक्टर अकरा कमी असेल किंवा सौम्य हिमोफिलिया असेल, तर पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ही माहिती जीव वाचवू शकते. त्यामुळे त्या व्यक्तीला एकांतात, तिच्या भाषेत सांगा आणि रक्तरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी द्या. ‘रिपोर्ट खराब आहे’ असे फोनवरून सांगून मोकळे होऊ नका.

१०. नवी मर्यादा लागू करा

संगणकातली मर्यादा ज्या तारखेपासून बदलाल, त्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांना एक पानाचे पत्र पाठवा: कोणते मशीन, कोणते रीएजंट, जुनी मर्यादा काय, नवी काय. व्याख्येनुसारच निरोगी लोकांपैकी ५ टक्के या मर्यादेबाहेर असतात, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चाचण्या एकदम केल्या, तर निदान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या जवळ जाते, हेही त्यात लिहा. फोन कमी येतील.

रीएजंटचा लॉट बदलला की एमएनपीटी नवा काढा आणि जुन्या-नव्या लॉटवर तेच नमुने चालवून एपीटीटीची तुलना करा. मशीन किंवा रीएजंटचा प्रकारच बदलला, तर २० जणांची तपासणी पहिल्यापासून करा.

ही मर्यादा प्रौढांची आहे. नवजात बाळाचा एपीटीटी स्वाभाविकपणेच प्रौढांपेक्षा लांब असतो, आणि गरोदरपणात फायब्रिनोजेन व फॅक्टर आठ वाढलेले असतात. त्यामुळे लहान वय किंवा गरोदरपण संगणकात नोंदवल्याबरोबर प्रौढांची मर्यादा अहवालातून आपोआप गळेल, अशी सोय संगणक पाहणाऱ्या माणसाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.